पाऱ्याची खोली

८ जुलै

मनी,

सुखरूप पोचले. वसतिगृहाची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, म्हणजे गुडघ्यांची परीक्षा रोजचीच. एक पलंग, एक टेबल, आणि खिडकीतून समोरच्या छापखान्याची मागची भिंत. जिन्याखाली फोन आहे, पण तो रेक्टरबाईंच्या नाकासमोर, आणि मागे पोरींची रांग. म्हणून पत्रच लिहीन. तसंही फोनवर तू माझ्याशी पेशंटशी बोलावं तशी बोलतेस.

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तर पोरं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं बाई आल्या. मी मागच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा एकच हशा पिकला. आता सगळे मला काकू म्हणतात. शेजारी एक चष्मेवाली बसते, एकोणीस वर्षांची. बोलायला फटकळ, पण माझी वही मागे पडली की गुपचूप आपली पुढे सरकवते.

शिकवणारे सर तिशीतले, अंगात वारं भरल्यासारखे. विषय फोटोग्राफीचा इतिहास. पहिल्याच तासाला म्हणाले, ‘इतिहास पाठ करायचा नाही. लोकांनी पहिले फोटो ज्या रीतीनं काढले त्याच रीतीनं आपण काढून बघायचे.’ मी ते वाक्य वहीत उतरवून खाली दोन रेघा मारल्या.

स्टेशनवर तू म्हणालीस, ‘या वयात हे कसले डोहाळे, आई?’ उत्तर द्यायला गाडीनं वेळ दिला नाही, आता देते. तुझ्या बाबांनी कॅमेरा घेतला तेव्हा तू रांगत होतीस. त्याला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. ‘फिल्म वाया जाईल’ म्हणायचे. ते गेल्यावर कॅमेरा माझ्याकडे आला, तर त्यात फिल्म घालतात कशी हेही मला ठाऊक नव्हतं. कचेरीत टाइपरायटर बडवण्यात जन्म गेला. आता थोडं मनाचं करू दे.

ठमीला पापा. तिला सांग, आजी शाळेत जाते, आणि डबा विसरत नाही.

आई

२१ जुलै

आई,

तुझं पत्र यांनी मोठ्यानं वाचायला लावलं आणि पोट धरून हसले. मी हसलेच नाही असं नाही. पण डोहाळ्यांचं मनाला लावून घेतलंस वाटतं. मी काळजीनं बोलले. घरात दोन पायऱ्या चढलीस तरी तुला दम लागतो, आणि तिथं तिसरा मजला.

दवाखान्यात नेहमीची गर्दी. दात काढायला येणारे बापे बायकांपेक्षा जास्त घाबरतात, हे मी आता शपथेवर सांगू शकते. ठमी तुझ्या शाळेबद्दल रोज विचारते. आजीला छड्या मारतात, असं तिनं शेजारी जाऊन सांगितलंय.

रक्तदाबाची गोळी चुकवू नकोस. आणि वर्गात सगळ्यांची कामं अंगावर घेऊ नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

मनी

५ सप्टेंबर

मनी,

तू ज्याला नको म्हणालीस तेच झालं. काम अंगावर घेतलं, आणि हौसेनं घेतलं.

सर शिकवतात तो सुरुवातीच्या काळातला फोटो कागदावरचा नव्हे, धातूवरचा. डॅगेरोटाइप म्हणतात त्याला. तांब्याच्या पत्र्याला चांदीचा मुलामा. तो आधी इतका घासायचा की त्यात आपलं तोंड लख्ख दिसलं पाहिजे. मग त्याला आयोडीनची वाफ द्यायची, कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा. बाहेर काढून बघितलं तर पत्रा कोराच. मग तो एका लाकडी पेटीत झाकणाखाली पालथा ठेवायचा. पेटीच्या तळाशी वाटीत पारा, पाऱ्याखाली स्पिरिटचा दिवा. पारा तापला की त्याची वाफ पत्र्यावर चढते, आणि काही नव्हतं तिथून माणूस वर येतो. पेटीला पिवळ्या काचेची बारकी खिडकी आहे. तिला डोळा लावून मी बसते. परवा चष्मेवालीचा चेहरा वर येताना पाहिला. आधी कपाळ, मग चष्म्याच्या कडा, मग हनुवटी. मनी, तुझ्या जन्मानंतर इतकं नवलाचं मी काही पाहिलं नव्हतं.

पोरांना धीर नाही. दहा मिनिटं घासतात आणि चहाला पळतात. म्हणून घासणं माझ्याकडे, पाऱ्याची वाटीही माझ्याकडे. खोलीच्या खिडक्यांना काळा कागद चिकटवलाय, दार लावून घ्यावं लागतं. हवा बाहेर फेकणारा पंखा पावसाळ्याच्या सुरुवातीलाच बंद पडला. त्याचा अर्ज कचेरीत या टेबलावरून त्या टेबलावर सहल करतोय. सरांना म्हटलं तर म्हणाले, ‘एवढ्याशा वाफेनं काय होतंय काकू, आमच्या गुरुजींनी असंच केलं.’ गेल्या आठवड्यात वाटी कलंडली. पारा मण्यांसारखा फरशीभर पळाला. कागदाच्या चिठोऱ्यांनी जमेल तेवढा गोळा केला, बाकीचा फटींत गेला. ठमीला फार मजा वाटली असती.

डिसेंबरच्या पहिल्या तारखेला सर बाहेरच्या पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक करणार आहेत. ते जमलं तर या अभ्यासक्रमाला कायमची जागा मिळेल, नाहीतर पुढच्या वर्षी बंद. पेटीपाशी मी बसणार.

आई

२८ ऑक्टोबर

आई,

मधल्या माझ्या दोन पत्रांना उत्तर नाही. ठमीचा वाढदिवस येऊन गेला. तू विसरशील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ती फोन धरून बसली होती.

शेवटी मीच फोन केला तर तू माझ्यावर खेकसलीस. ‘मला शांतपणे जगू द्याल का’ म्हणालीस आणि फोन आपटलास. मी पुन्हा लावला तेव्हा रेक्टरबाईंनी उचलला. त्या बिचाऱ्या चाचरत बोलल्या. म्हणाल्या, ‘काकू हल्ली कुणात मिसळत नाहीत. परवा दुसऱ्या मजल्यावर जाऊन भलत्याच दाराला किल्ली लावत होत्या. मुलीनं दार उघडलं तर रडायलाच लागल्या.’

आणि हे तुझं मागचं पत्र माझ्यासमोर आहे. पत्रातली अक्षरं पुढेपुढे थरथरली आहेत. कचेरीत तुझं अक्षर बघायला लोक यायचे, असं तूच सांगायचीस.

आई, मला स्पष्ट बोलू दे. आजीचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग नावं, मग आपली माणसं. तू तिला भरवताना रडायचीस ते मी दाराआडून बघितलंय. हे लपवून बरं होत नाही. वय झालं की काही गोष्टी मान्य कराव्या लागतात.

मनी

६ नोव्हेंबर

मनी,

तुझं पत्र वाचून संताप आला. रेक्टरबाईंना आता माझ्यावर पहारा ठेवायला सांगितलंयस का? जिन्यात दिवा नव्हता म्हणून मजला चुकला. कुणाचा चुकत नाही? अक्षर हलतं कारण इथं थंडी पडलीय आणि पत्रे घासून हात दमतात.

ठमीचं चुकलं. तिला वेगळं लिहिते आहे.

पण आजीचं नाव काढायचं काही कारण नव्हतं. मी माझ्या आईला शेवटपर्यंत सांभाळलं. तिचं काय काय झालं ते तुझ्यापेक्षा मला जास्त माहीत आहे. मला काही झालेलं नाही. तुला घरात ठमीपाशी माणूस हवंय, तेवढं सरळ म्हण. वयाचा बहाणा कशाला?

आई

१४ नोव्हेंबर

आई,

शेवटचं वाक्य तू लिहिलं नाहीस असं मी धरून चालते. माझी आई असं बोलत नाही, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

मेंदूच्या डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले, चिडचिड, विसराळूपणा, माणसं टाळणं, सगळं एकाच वाटेवरचं आहे, लवकर आणा. त्यांची वेळ घेतली आहे. मीच घ्यायला आले असते, पण यांना अपेंडिक्सचं दुखणं निघालंय. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. यांना टाकून येता येत नाही. तू ये. कॉलेजला मी लिहीन. तुझा मान जाईल असं काही लिहिणार नाही.

मनी

२३ नोव्हेंबर

मनी,

तू म्हणतेस ते खरं आहे.

मागचं पत्र टाकलं आणि त्या दिवशी संध्याकाळी पेटीपाशी बसले होते. चष्मेवाली काहीतरी विचारत होती आणि मला तिचं नाव आठवेना. रोज हाक मारते ते नाव. तिनं तीनदा विचारलं, ‘काकू, ऐकताय ना?’ मी वाटी ठेवून बाहेर आले आणि नळाशी उभी राहून रडले. माझी आईसुद्धा अशीच नळाशी जाऊन उभी राहायची.

झोप लागत नाही. लोकांसमोर बोलायचं म्हटलं की छाती धडधडते. टाइपरायटरवर पूर्वी न बघता चालणारी बोटं आता ब्लाउजच्या हुकांशी भांडतात. सगळं लपवलं. एक गोष्ट तर मुद्दाम तुझ्यापासून लपवली, तू दातांची डॉक्टर म्हणून. हिरड्यांतून रक्त येतं, खालचा एक दात हलतो, आणि दिवसभर तोंडात नाणं धरल्यासारखी चव असते. अन्न नकोसं वाटतं. तू म्हणशील ब्रश नीट करत नाहीस. म्हातारपणी दातही आधी जायचेच.

मी येते. तेवढं एक तारखेचं प्रात्यक्षिक होऊ दे. सरांना शब्द दिलाय, आणि दुसऱ्या कुणाला ते जमत नाही. सगळ्यांना एकदम बघता यावं म्हणून सरांनी तीन पेट्या मांडायच्या ठरवल्यात, तीन वाट्या एकाच वेळी तापवायच्या. वीसेक पाहुणे आहेत, खोली भरून जाईल. ते झालं की दुसऱ्या दिवशी सामान बांधते. मग तू नेशील त्या डॉक्टरकडे येईन.

जावईबापूंना जपा.

आई

२७ नोव्हेंबर

आई,

दवाखान्यातच उभ्या उभ्या लिहिते आहे. हे पत्र टपालानं नाही, आमच्याकडे येणाऱ्या औषध-विक्रेत्यांच्या हाती देते. ते तुझ्या बाजूला निघालेत. मी काल आणि आज फोन केले. दोन्ही वेळा तू त्या खोलीत होतीस. रेक्टरबाईंकडे निरोप ठेवलाय, पण तो तुला कितपत नीट मिळेल याची खात्री नाही.

त्या खोलीत पाऊल टाकू नकोस. हे तुझं वय नाही. हा पारा आहे.

आम्ही दातात चांदी भरतो, त्या चांदीत पारा असतो. उघडा ठेवायचा नाही, तापवायचा तर मुळीच नाही, बंद खोलीत कधीच नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षी घोकून घेतात. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास नाही. ती श्वासातून आत जाते. हात थरथरतात, झोप जाते, माणूस चिडका आणि भित्रा होतो, विसरतो. आणि हिरड्या सुजतात, रक्त येतं, तोंडाला धातूची चव येते. तू हिरड्यांचं लिहिलंस आणि माझ्या हातून आरसा पडला.

फरशीच्या फटीत गेलेला पारा अजून तिथंच आहे. तीन वाट्या एकदम तापवल्या तर त्या खोलीतल्या सगळ्यांच्या अंगात जाईल. त्या मुलीही रोज तिथं असतात ना?

सरांना हे पत्र दाखव. ऐकलं नाही तर कुणालाही दाखव. तुझा शब्द मोडला तरी चालेल.

मनी

१ डिसेंबर

मनी,

हे पत्र वाचायला तुला त्रास होईल, हात फार हलतोय. पण आज घडलं ते आजच सांगितलं पाहिजे.

आधी निरोपाचं. रेक्टरबाईंनी मला सांगितलं, ‘तुमची मुलगी म्हणते, पारा सांभाळा.’ मला वाटलं, माझ्या रागाबद्दल म्हणतेस. तिकडे बसून टोमणे मारतेस म्हणून माझा आणखीच चढला, आणि नंतर तुझा फोन आला तरी मी खाली गेले नाही.

तुझे औषधवाले गृहस्थ आज सकाळी कॉलेजच्या फाटकाशी भेटले. पत्र तिथंच वाचलं. पुन्हा वाचलं. मग धावले. मी धावले, मनी, एवढं ध्यानात घे.

खोलीत चष्मेवाली आणि आणखी दोघी होत्या. पारा वाट्यांत ओतून झाला होता आणि ती पहिल्या दिव्याला काडी लावत होती. मी दिवा विझवला, तिघींना हाताला धरून बाहेर काढलं, दार ओढून कुलूप घातलं. किल्ली पर्समध्ये टाकली आणि दाराशी स्टूल घेऊन बसले. पोरींना वाटलं, काकूंचं डोकं फिरलं.

सर आले ते नवा कोट घालून. ‘काकू, पाहुणे जिन्यात आहेत. किल्ली द्या.’

‘नाही देणार.’

त्यांनी तुझं पत्र अर्धवट वाचलं आणि घडी केली. ‘तुमच्या मुलीला दातांतलं कळतं. मी हे काम सात वर्षं करतोय.’

‘पंख्याशिवाय कधीपासून?’

ते अगदी हळू बोलले, आपण लहान मुलाशी बोलतो तसं. ‘काकू, तुमची तब्येत ठीक नाही हे आम्हा सगळ्यांना दिसतंय. वयोमानानं होतं असं. तुम्ही जाऊन पडा. किल्ली हिच्याकडे द्या.’

तोच शब्द तू म्हणालीस, तोच मी म्हणाले, आणि आता तेही म्हणत होते. पाहुण्यांची पावलं वाजत होती. किल्ली द्यावी आणि मोकळं व्हावं, असं क्षणभर वाटलं. पर्सवरचा माझा हात इतका थरथरत होता की आतली चिल्लर वाजत होती.

मी म्हटलं, ‘सर, हल्ली तुम्ही फळ्यावर लिहीत नाही.’

‘त्याचा इथं काय संबंध?’

‘हात दाखवा.’

त्यांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. पण चष्मेवालीनं आपला हात पुढे केला. बोटं पसरून, चेहऱ्यासमोर धरला. तिची बोटं बारीक हलत होती, वाऱ्यानं पान हलावं तशी. ती म्हणाली, ‘काकू, मला वाटलं मी अभ्यासाच्या टेन्शननं...’

सर तिच्या हाताकडे बघत राहिले. मग जिन्याच्या तोंडाशी गेले आणि वर येणाऱ्या पाहुण्यांना म्हणाले, ‘आज प्रात्यक्षिक होणार नाही. कृपा करून वर येऊ नका.’ प्राचार्य सगळ्यांसमोर त्यांना नाही नाही ते बोलले. ते ऐकून घेत होते. नंतर पायरीवर बसले आणि मला म्हणाले, ‘मला चार महिने झोप नाही, काकू. घरी सगळ्यांशी भांडून बसलोय.’

उद्या आमच्या सगळ्यांच्या लघवीची तपासणी आहे. किल्ली प्राचार्यांच्या हाती दिली, आणि त्यांना पावती मागितली.

आई

१० डिसेंबर

आई,

अहवाल पाहिला. सगळ्यात जास्त पारा तुझ्या अंगात, मग सरांच्या, मग त्या मुलीच्या. बाकीच्यांचं निभावलं. इथले डॉक्टर म्हणतात, औषधानं उतरेल, थरथर जायला वेळ लागेल, पण माणूस परत मिळतो. हे वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. यांचे टाके निघाले आहेत. परवा मीच तुला घ्यायला येते.

आई, तू पाऱ्याच्या वाटीचं सप्टेंबरातच लिहिलं होतंस. पंखा बंद आहे हेही लिहिलं होतंस. ते पत्र मी दोन पेशंटांच्या मध्ये वाचलं, चांदी घोटता घोटता. खलात पारा होता आणि मी वाचलं, हसले, आणि पत्र खिशात घातलं. तुझं अक्षर हललेलं दिसलं तेव्हा माझ्या मनात एकच आलं.

मी तरी इकडे लांब होते. तुझं शरीर तुझ्यापाशी होतं. मी वय म्हणाले आणि तू मान का डोलावलीस?

मनी

३ एप्रिल

मनी,

अडीच महिने तुझ्या घरी राहिले, पण तुझ्या त्या प्रश्नाचं नाव आपण दोघींनी काढलं नाही. तू गोळ्या मोजून द्यायचीस, मी घ्यायचे. निघताना तू माझी बॅग स्वतः भरलीस, आणि ‘नको जाऊस’ हे शब्द तोंडापर्यंत येऊन गिळलेस. मला दिसलं ते.

उत्तर असं आहे. आईचं बघितल्यापासून मी त्याची वाटच बघत होते. काहीही हरवलं की मनात यायचं, आलं वाटतं. तू म्हणालीस तेव्हा मला नवल वाटलं नाही. मी दार उघडंच ठेवलं होतं.

इथलं सांगते. त्या खोलीची फरशी उखडली, माती वेगळी नेऊन टाकली. अभ्यासक्रम बंद झाला नाही, पण त्याचं पुढे काय ते जूनमध्ये ठरेल. सर रजेवरून परत आले, वाळलेत. आता पाऱ्याच्या फोटोंबद्दल फक्त चित्रं दाखवून शिकवतात. फळ्यावर वाकडंतिकडं लिहितात, पण लिहितात. चष्मेवालीची बोटं स्थिर झाली. ती आता मला काकू न म्हणता ‘बॉस’ म्हणते, ते मात्र मला आवडत नाही.

काल तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक, पिकल्या केसांचे, बोलायला गोड. माझ्यासमोर एक जुना पत्रा ठेवला, त्यावर टोपी घातलेला एक गृहस्थ. ‘हातात घ्या, तिरका धरा, आणि सांगा.’ मी उचलला. माझा हात अजून थोडा हलतो, तो पत्रा टेबलाच्या कडेवर टकटक वाजला. परीक्षक हसून म्हणाले, ‘घाबरू नका बाई, सावकाश. वय झालं की होतं असं.’

मी म्हटलं, ‘वय नाही सर. पारा.’

त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘म्हणजे?’

मग मी सांगायला लागले. पत्र्यावरचा हा माणूस वर कसा आला, त्यासाठी पेटीच्या खिडकीला डोळा लावून कुणीतरी बंद खोलीत बसलं असणार, त्याचे हात पुढे कसे झाले असतील, घरच्यांना त्यानं काय सांगितलं असेल आणि घरच्यांनी काय समज करून घेतला असेल. पुस्तकातलं सांगितलं आणि पुस्तकात नाही तेही सांगितलं. बाहेरच्या पोरांची चुळबुळ ऐकू येत होती. शिपायानं दोनदा डोकावून पाहिलं. परीक्षकांनी हातानंच त्याला थांबवलं आणि मला म्हणाले, ‘तुम्ही बोला.’

आई